पळीभर तेल आणि ग्रहणाचे गणित

जळगाव जिल्ह्यातल्या ज्या महाविद्यालयात मी तत्त्वज्ञान शिकवते, तिथे जून महिन्यात प्रवेशाच्या टेबलाशी बसण्याचे काम बहुतेक दरवर्षी माझ्याकडे येते. विज्ञान शाखेच्या खिडकीपुढे मोठी रांग असते, वाणिज्य शाखेपुढे त्याहून लहान, आणि कला शाखेकडे बहुधा ती मुले वळतात ज्यांना दुसरीकडे प्रवेश मिळालेला नसतो किंवा ज्यांना स्पर्धा परीक्षेची तयारी करताना एखादी पदवी हाताशी असावी इतकेच हवे असते. त्यातही तत्त्वज्ञान घ्या असे सुचवले की पालक गप्प होतात. पारोळा तालुक्यातल्या एका कापूस उत्पादक वडिलांनी मात्र मला सरळ विचारले, “मॅडम, हाई शिकीसनी पोटनं काय व्हई?” त्यांच्या प्रश्नात उर्मटपणा नव्हता. ज्या माणसाने बोंडअळीपायी एका हंगामाचे पीक गमावले आहे आणि मुलाची फी उसनवारीने आणली आहे, त्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्या वेळी मी त्यांना नोकरीच्या शक्यता सांगितल्या आणि त्या खऱ्याच होत्या. परंतु त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर कधीतरी लिहून काढावे, असे तेव्हापासून मनात आहे. हे उत्तर केवळ माझ्या विषयाच्या बाजूचे नाही. ते अशा शिक्षणाच्या बाजूचे आहे, ज्याच्या पायाशी एखादी धर्मपरंपरा उघडपणे उभी असते आणि जे त्या पायावर भाषा, तर्क, गणित, संगीत, इतिहास आणि विज्ञान यांना सारख्याच आदराने जागा देते.

पुण्या-मुंबईकडची काही खासगी विद्यापीठे अशा बहुविषयी शिक्षणाला ‘लिबरल आर्ट्स’ म्हणतात आणि त्यांची फी पाहून ते श्रीमंत घरांतल्या मुलांसाठी निघालेले काहीतरी नवे असावे असा आपल्याकडे समज होतो. वस्तुतः ते नवेही नाही आणि धर्माला परकेही नाही. मध्ययुगीन युरोपात व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या सात विषयांचे अध्यापन मुख्यतः चर्चच्या आश्रयाने चालत असे. अमेरिकेतले हार्वर्ड १६३६ मध्ये प्युरिटन वसाहतकऱ्यांनी काढले, त्यामागे आपले पुढचे धर्मोपदेशक अडाणी राहू नयेत ही चिंता होती. आपल्या देशात विल्यम केरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८१८ मध्ये बंगालमधील श्रीरामपूरला महाविद्यालय काढले, मुंबईत जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये सुरू केलेल्या शाळेतून विल्सन कॉलेज वाढले, आणि १८६९ मध्ये जेझुइटांनी सेंट झेवियर्सची स्थापना केली. त्याच्याही कितीतरी शतके आधी नालंदेच्या महाविहारात शब्दविद्या (व्याकरण), हेतुविद्या (तर्क), चिकित्साविद्या, शिल्पविद्या आणि अध्यात्मविद्या अशा पाच विद्यांचा अभ्यास होत होता, आणि सातव्या शतकात चीनमधून आलेला ह्युएन त्संग तिथे त्यासाठीच राहिला. पण एवढ्या लांब जाण्याचे कारण नाही. चाळीसगावपर्यंत गेले तरी पुरे आहे.

चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगररांगेच्या पायथ्याशी, गौताळा अभयारण्याच्या झाडीत पाटणादेवीचे स्थान आहे. नवरात्रात खानदेशातून तिथे माणसांची रीघ लागते. देवीच्या दर्शनाला गेलेल्या फार थोड्या लोकांना ठाऊक असते की या पाटण गावात इसवी सन १२०७ चा एक शिलालेख सापडला आणि तो एका शिक्षणसंस्थेच्या स्थापनेचा दस्तऐवज आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आपल्या आजोबांचा सिद्धान्तशिरोमणी हा ग्रहगणिताचा ग्रंथ आणि त्यांच्या घराण्यातील इतर ग्रंथ शिकवले जावेत, यासाठी त्याने इथे मठ स्थापन केला आणि त्या भागातील निकुंभ वंशाचा मांडलिक सोइदेव याने मठाला दान दिले. लेखाचा बहुतांश भाग संस्कृतात आहे. परंतु बाजारातल्या कोणत्या मालावरचे किती उत्पन्न मठाकडे जावे हे सांगणाऱ्या ओळी मराठीत आहेत, बहुधा ज्यांनी ते द्यायचे त्यांना ते समजावे म्हणून. त्यात जितके घाणे चालतात तितक्या घाण्यांमागे पळी पळी तेल मठाला द्यावे असे नोंदलेले आहे. आठशे वर्षांपूर्वी आपल्या मुलखात ग्रह-गणिताच्या अध्यापनाचा खर्च गावच्या बाजारपेठेतून आणि तेलाच्या घाण्यांतून भागवला जात होता, आणि तो एका मठाच्या नावाने भागवला जात होता.

या मठात काय शिकवले जात असेल याची कल्पना करायला आपल्याजवळ खुद्द भास्कराचार्यांची लीलावती ही गणिताची पोथी आहे. तिच्यातले एक उदाहरण मी दरवर्षी माझ्या वर्गात घालते. कमळांच्या एका राशीतला तिसरा हिस्सा शंकराला वाहिला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला आणि चौथा देवीला. उरलेल्या सहा कमळांनी गुरूच्या चरणांची पूजा केली. तर एकूण कमळे किती, ते लवकर सांग. मुले मोबाइल बाजूला ठेवून वहीत अपूर्णांक मांडतात आणि थोड्या वेळात १२० हे उत्तर येते. उत्तर आल्यावर मी त्यांना विचारते की हा प्रश्न गणिताचा आहे की भक्तीचा. सुरुवातीला ती गणिताचाच म्हणतात. मग कुणीतरी म्हणते की शंकर, विष्णू, सूर्य आणि देवी यांना मानणारे वेगवेगळे पंथ होते आणि या माणसाने सगळ्यांना एकाच राशीतून फुले दिली. आणखी कुणाला दिसते की कमळांचे सगळ्यांत मोठे दान देवांना आणि शेवटचे मोजके दान गुरूला आहे, तरी गणित सुटते ते गुरूला वाहिलेल्या त्या सहा कमळांमुळेच. या शेवटच्या निरीक्षणापर्यंत मी स्वतः पोहोचले नव्हते. ते एरंडोलकडच्या एका मुलीने सांगितले. एका श्लोकात गणित, काव्य, पंथांचा इतिहास आणि गुरुशिष्यसंबंध एकत्र येतात, आणि त्यांपैकी एकही बाहेर काढला तर उरलेले अपुरे पडतात, हे ज्या शिक्षणात कळते त्या शिक्षणाविषयी मी बोलत आहे.

पाटणच्या दानाची आणखी एक गोष्ट मला खोलवर भिडते. ते दान श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी दिलेले आहे. ग्रहणात दान करावे हा श्रद्धेचा भाग, आणि ज्या विद्येसाठी ते दान झाले तिच्यात ग्रहण केव्हा लागेल आणि केव्हा सुटेल हे गणिताने काढायला शिकवले जात होते. चंद्रग्रहण पृथ्वीच्या छायेने होते हे भास्कराचार्यांना पक्के ठाऊक होते. त्यांच्या आधी आर्यभट आणि वराहमिहिर यांनीही ते सांगितलेले होते. मग पुराणातल्या राहूचे काय करायचे? सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्याय या भागात भास्कराचार्य म्हणतात की वरदानाच्या बळावर राहू पृथ्वीच्या छायेत शिरतो आणि तिथून चंद्राला झाकतो, त्यामुळे सगळ्या आगमांशी याचा विरोध राहत नाही. मला ही सांधेजोड पटत नाही. छायेचा पूर्ण हिशेब लागल्यावर राहूला करण्यासारखे काहीच उरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही ती सांधेजोड करताना त्यांनी छायेच्या भूमितीला जराही हात लावला नाही. धर्मग्रंथाशी जुळावे म्हणून एकही आकडा हलवला नाही. मठातला विद्यार्थी ग्रहणाची वेळ काढायला शिकत होता आणि त्याच पोथीत राहूचे स्पष्टीकरणही वाचत होता. त्या दोहोंचे नाते काय, हा प्रश्न त्याला टाळता येणार नव्हता. श्रद्धेच्या आश्रयाने चालणाऱ्या विद्येकडून मी इतकीच अपेक्षा ठेवते की तिने गणित गणिताच्या नियमाने करावे आणि परंपरेशी पडणारे अंतर विद्यार्थ्यापासून लपवू नये.

इथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो इतका खरा आहे की त्याला वळसा घालून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. ज्या घाण्यातून पळीभर तेल मठात गेले, त्या घाण्यावर राबणाऱ्याचा मुलगा मठात शिकायला बसला असेल का? मुलगी तर नाहीच. आपल्या परंपरेत धर्माच्या छत्राखाली जे ज्ञान वाढले त्याचा खर्च सर्वांनी उचलला आणि त्याचा लाभ थोड्यांना झाला, आणि ज्यांना बाहेर ठेवले त्यांना धर्माचेच नाव सांगून बाहेर ठेवले. म्हणून धर्माधिष्ठित शिक्षण हे शब्द ऐकताच ज्यांच्या कपाळावर आठी पडते, त्यांच्याशी माझे भांडण नाही. त्यांच्या घरातल्या आजी-आजोबांच्या आठवणी माझ्या युक्तिवादापेक्षा जड आहेत. पण याच आक्षेपाचे उत्तर ज्यांनी कृतीने दिले त्यांच्यातही श्रद्धेचीच माणसे ठळकपणे दिसतात, ही गोष्टही तितकीच खरी आहे. श्रीरामपूरच्या संस्थापकांनी आपल्या महाविद्यालयाचे दार जात, वर्ण आणि देश न पाहता उघडे ठेवायचे ठरवले होते. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून आपले प्राण पणाला लावले, तेव्हा ते विठ्ठलाला मानणारे म्हणूनच उपोषणाला बसले होते; न मानणाऱ्याला त्या देवळाचे दार उघडण्याची इतकी तळमळ कशाला असती?

आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हिंदू धर्मातील विषमतेवर त्यांच्याइतका कठोर प्रहार कुणी केला नाही, तरी शिक्षणाचा धर्माशी काही संबंध नसावा अशी त्यांची भूमिका नव्हती. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, पुढल्या वर्षी मुंबईत काढलेल्या महाविद्यालयाला बुद्धाचे सिद्धार्थ हे नाव दिले, आणि १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. मिलिंद हा ग्रीक राजा मिनँडर, ज्याने भिक्खू नागसेनाला प्रश्नांमागून प्रश्न विचारले. संस्थेला उत्तर देणाऱ्या भिक्खूचे नाव न देता प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव दिले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. त्या जुन्या पाली संवादात नागसेन वादाला बसण्यापूर्वी एक अट घालतो. तो राजाला म्हणतो, पंडितांसारखा वाद करणार असाल तर मी बोलतो, राजासारखा करणार असाल तर बोलत नाही. पंडित वादात गुंडाळला गेला तरी रागावत नाही. राजा मात्र आपले म्हणणे मांडतो आणि न मानणाऱ्याला शिक्षा फर्मावतो. मिलिंदाने पंडितांची रीत कबूल केली. कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही पंथाच्या शिक्षणसंस्थेला लावावी अशी याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

ही कसोटी पुष्कळ अंशी पाळणारी एक संस्था आमच्या अमळनेरला होती, आणि खानदेशातल्या शिकल्यासवरल्या माणसांनाही तिचे मोठेपण पुरते माहीत नाही, याचे मला वाईट वाटते. गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठजींच्या पुढाकाराने १९१६ मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. शांकर अद्वैताचा अभ्यास हा तिचा उघड हेतू होता आणि संस्थापकाची श्रद्धाही त्यावरच होती. पण अभ्यासासाठी जी माणसे बोलावली गेली ती होकार भरणारी नव्हती. घनश्यामदास रतनमल मलकानी यांनी संस्थेची धुरा दीर्घकाळ वाहिली. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा प्रखर बुद्धीचा तत्त्वज्ञ तिथे काही काळ प्रमुख होता. रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती तिथे राहून अभ्यास करीत होते. कांट आणि हेगेल यांचे ग्रंथ उपनिषदांच्या शेजारी ठेवून वाचले जात. १९३३ मध्ये मलकानी, दास आणि मूर्ती या तिघांचे अज्ञान या संकल्पनेवरचे एकच पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्यात तिघांनी आपापली स्वतंत्र मांडणी केली. ज्या वेदान्तावर संस्था उभी होती, त्याच्या गाभ्याच्या संकल्पनेविषयी संस्थेतल्या तिघा अभ्यासकांनी एकमत झाल्याचा देखावा केला नाही. संस्थेचे त्रैमासिक देशभरातल्या आणि परदेशातल्या तत्त्वज्ञांपर्यंत जात होते. हे सगळे बोरी नदीच्या काठी, सखाराम महाराजांच्या वाडीच्या आणि रथोत्सवाच्या गावात घडत होते.

साने गुरुजी अमळनेरला आले ते याच तत्त्वज्ञान मंदिराच्या ओढीने, आणि १९२४ पासून १९३० पर्यंत ते प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयातली मुले, त्यांचे आजारपण, ‘विद्यार्थी’ मासिक, हे सारे खानदेशात घरोघरी सांगितले जाते, म्हणून त्याची उजळणी करीत नाही. मला त्यांच्या आयुष्यातला त्यानंतरचा एक प्रसंग शिक्षणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा वाटतो. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेचा एक अध्याय याप्रमाणे १८ प्रवचने दिली आणि गुरुजींनी ती उतरवून घेतली. तिथे पदवी नव्हती, हजेरी नव्हती, परीक्षा नव्हती. समोर सत्याग्रही कैदी होते, त्यांत शेतकरी, व्यापारी, कार्यकर्ते असे सगळेच होते. विनोबांनी त्यांना सरकारविरुद्ध चेतवण्यासाठी गीतेचा उपयोग केला नाही आणि पारलौकिकाचे आश्वासनही दिले नाही. रोजच्या कामाकडे, भीतीकडे, फळाच्या आशेकडे माणसाने कसे पाहावे, याचा त्यांनी अठरा आठवडे विचार केला. बंदिवासातल्या माणसांना त्या वेळी नेमक्या याच विचाराची गरज होती, आणि तो त्यांच्या ओळखीच्या ग्रंथातून, त्यांच्या बोलीजवळच्या भाषेत त्यांच्यापुढे आला. तसे पाहिले तर पारोळ्याच्या त्या वडिलांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे. पोट भरण्याच्या विद्येची गरज नाकारता येत नाही. पण पीक बुडाल्यावर, नोकरी न लागल्यावर, घरात मृत्यू झाल्यावर माणूस ज्या आधाराने उभा राहतो, तो आधार तपासून घ्यायलाही शिकावे लागते.

आज आपण हे शिक्षण दोन्ही बाजूंनी गमावत आहोत. एकीकडे शाळा-महाविद्यालये परीक्षेच्या क्लासमध्ये रूपांतरित झाली आहेत. दहावीनंतर मुलगा नीट किंवा जेईईच्या तयारीसाठी लातूरला, नांदेडला किंवा थेट कोट्याला जातो, आणि दोन वर्षांत चार पर्यायांतला एक निवडण्याचे कौशल्य घेऊन परततो. ज्या प्रश्नाला पर्यायच दिलेले नाहीत, त्यापुढे तो हतबल होतो. दुसरीकडे धर्म रस्त्यावर, ध्वनिक्षेपकांवर आणि मोबाइलवरच्या संदेशांत जोमाने वाढला आहे, पण त्याचा अभ्यास कुणी करीत नाही. माझ्या वर्गातल्या मुलांच्या मनगटावर धागे असतात, कपाळावर टिळे असतात, गळ्यात तावीज असतात. ज्ञानेश्वरीचा, कुराणाचा किंवा धम्मपदाचा एखादा अध्याय नीट वाचलेले मूल क्वचित सापडते. मुलांना मी यात दोष देत नाही. त्यांना धर्म घोषणेच्या रूपातच भेटला, आणि त्याच्याशी निवांत बोलण्याची जागा आम्ही त्यांच्यासाठी ठेवलीच नाही.

ही जागा रिकामी राहत नाही, हा मुद्दा इंग्लंडमधले कॅथलिक धर्मगुरू जॉन हेन्री न्यूमन यांनी १८५२ मध्ये डब्लिनमधल्या व्याख्यानांत मांडला होता. तिथे नव्या कॅथलिक विद्यापीठाची सिद्धता चालली होती. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा की विद्यापीठाने ज्ञानाचे एखादे क्षेत्र वगळले तर शेजारची शास्त्रे त्यात घुसतात आणि ज्या गोष्टींवर बोलण्याचा त्यांना अधिकार नाही त्यांवर निवाडे देऊ लागतात. न्यूमन यांचे सगळेच म्हणणे मला मान्य नाही, विशेषतः चर्चच्या अधिकाराविषयीचे. पण हा मुद्दा मी जळगावात रोज खरा होताना पाहते. माणसाने कशासाठी जगावे हा प्रश्न महाविद्यालयाने बाहेर घालवला, तेव्हा त्याचे उत्तर वार्षिक पॅकेजच्या आकड्याने दिले. मुलगा कसा आहे हे विचारले की आता आकडा सांगतात. लग्नाच्या बोलणीतही तोच आकडा पुढे असतो, आणि शेती करणाऱ्या, चांगल्या वागणुकीच्या, वाचणाऱ्या मुलाला तिथे किंमत उरत नाही. हा निवाडा अर्थशास्त्राने दिलेला नाही, कारण शहाणा अर्थशास्त्रज्ञ असा निवाडा देणार नाही. तो रिकाम्या जागेने दिला आहे.

माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरीला जात. ती पालखी मुक्ताईनगरहून आषाढीच्या सुमारे महिनाभर आधी निघते. आबांचे शिक्षण चौथीपर्यंतचे होते, परंतु सप्ताहात रात्री कीर्तन संपल्यावर देवळाच्या ओट्यावर ज्ञानेश्वरीतल्या एका ओवीच्या अर्थावरून त्यांच्या आणि शेजारच्या गावातल्या एका महाराजांच्या चर्चा होत, त्या मी लहानपणी ऐकल्या आहेत. एकाने पुरावा म्हणून तुकोबांचा अभंग काढावा, दुसऱ्याने त्याच गाथेतला उलट दिसणारा अभंग म्हणून दाखवावा, तिसऱ्याने मृदंगावरचा हात थांबवून शब्दाचा अन्वय लावावा. व्याकरण, तर्क, वक्तृत्व आणि संगीत या चारही विषयांचा तो वर्गच होता. ओवीचा अर्थ तर्काने तपासल्यामुळे आबांची निष्ठा कमी झाल्याचे मी कधी पाहिले नाही. ज्यांना वाटते की श्रद्धावान माणसापुढे प्रश्न मांडू नयेत, त्यांनी श्रद्धावान माणसे जवळून पाहिलेली नाहीत.

तापी आणि पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे देऊळ आहे. पाटणचा चांगदेव वेगळा. हा योगी चांगदेव. त्याची कथा आमच्याकडच्या लहान मुलालाही ठाऊक असते: योगबळाने चौदाशे वर्षे जगलेला हा योगी ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसला, वयाने लहान आणि ज्ञानाने मोठ्या माणसाला काय मायना लिहावा हे त्याला उमगेना, आणि त्याने कोरेच पत्र पाठवले. ते पाहून मुक्ताबाई म्हणाली की इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला. पुढे ज्ञानेश्वरांनी त्याला ६५ ओव्यांचे उत्तर लिहिले आणि परंपरा सांगते की त्याने मुक्ताबाईला गुरू केले. माझ्या वर्गातल्या मुलींना ही कथा मी मुद्दाम वाचायला देते. परंपरेच्या नावाखाली ज्यांना गप्प बसवले जाते, त्यांना त्याच परंपरेत एका कोवळ्या मुलीने सर्वांत वृद्ध आणि सर्वांत सिद्ध पुरुषाला शिकवल्याचे दिसते, तेव्हा घरात बोलण्यासाठी त्यांच्या हाती एक साधन येते. हे साधन धर्माच्या बाहेर उभे राहून त्यांना देता येणार नाही. म्हणजे देता येईल, पण घरचे ते ऐकणार नाहीत.

कायद्याची भीती अनेक प्राचार्य घालतात, ती मला अनाठायी वाटते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही आणि अनुदानित संस्थेत ते कुणावर लादता येत नाही. हे योग्यच आहे. पण धर्माची दीक्षा देणे आणि धर्मांचा अभ्यास करणे यांत फरक आहे, हे शिक्षणविषयक कोठारी आयोगाने नोंदवले आणि २००२ मध्ये शालेय अभ्यासक्रमाविषयीच्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले. त्याच्या कितीतरी आधी, विद्यापीठ शिक्षणाविषयीच्या १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने पदवीच्या तीन वर्षांसाठी एक आराखडाच दिला होता: पहिल्या वर्षी बुद्ध, सॉक्रेटिस, येशू, शंकराचार्य, महंमद पैगंबर, कबीर, नानक, गांधी अशांची चरित्रे, दुसऱ्या वर्षी जगातल्या धर्मग्रंथांतले निवडक भाग, आणि तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातील मुख्य प्रश्न. हा आराखडा अंमलात आला असता तर आज मोबाइलवर येणाऱ्या कोणत्याही धर्माविषयीच्या विखारी संदेशापुढे आमचा पदवीधर इतका निःशस्त्र राहिला नसता.

नव्या शैक्षणिक धोरणाने विद्यार्थ्याला आपल्या शाखेबाहेरचा विषय घेण्याची मुभा दिली आहे. तिचा उपयोग करून मी दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) एक अभ्यासक्रम तयार केला आहे. त्यात लीलावतीतले कमळांचे उदाहरण आणि ग्रहणाचे गणित आहे, आणि ते गणिताचे सहकारी शिकवणार आहेत. मिलिंद-नागसेनाच्या संवादाचा आरंभ आहे, चांगदेवाला लिहिलेल्या ६५ ओव्या आहेत, धुळ्याच्या तुरुंगातल्या प्रवचनांतले दोन अध्याय आहेत, फैजपूर-सावद्याकडे आजही जिवंत असलेल्या महानुभाव परंपरेतल्या काही लीळा आहेत, आणि तळोद्याकडच्या भिल्ल समाजात गुलाम महाराजांनी दारू सोडण्यासाठी आणि स्वाभिमानाने जगण्यासाठी उभी केलेली आप चळवळ आहे. इस्लामी परंपरेविषयी मी जळगावातल्या एका मौलाना साहेबांना विचारले. मुलांना मधेच प्रश्न विचारता येतील ना, एवढेच त्यांनी माझ्याकडून वदवून घेतले आणि दोन तास कबूल केले. ख्रिस्ती परंपरेसाठी नवापूरकडच्या एका पाळकांना पत्र लिहिले आहे, त्यांचे उत्तर यायचे आहे. प्रस्ताव पुढच्या महिन्यात अभ्यासमंडळापुढे जाईल. तो संमत झाला नाही, तर शनिवारी दुपारी, श्रेयांकांशिवाय आणि कोणत्याही गावच्या, कोणत्याही शाखेच्या मुलांसाठी, आम्ही तो चालवणार आहोत.